भाजी चिरण्याच्या लाकडी फळीस कोणता लेप द्यावा?

गोमंतकातील जुन्या स्वयंपाकघरात भाजी चिरण्यासाठी निराळी फळी क्वचितच असे. आडोळीवर बसावे, तिच्या टोकाशी नारळ खोवावा, त्याच पात्यावर भाजी चिरावी व मासळी कापावी, असा परिपाठ होता. आडोळीचे लाकूड पात्यास आधार देई व बसणाऱ्यास आसन देई. त्या लाकडावर सुरी कधी चालत नसे. पुढे ओट्यापाशी उभे राहून स्वयंपाक करण्याची पद्धत रूढ झाली. विळी-आडोळीची जागा पुष्कळ घरांत सुरीने घेतली आणि सुरीच्या मागोमाग फळी आली. आज फणस, साग, आंबा, शिवण अशा लाकडांच्या फळ्या आपल्याकडील कारागीर करतात, आणि गृहिणींप्रमाणेच पर्यटकही त्या आवडीने विकत घेतात.

या फळीच्या बाबतीत करणाऱ्यास व वापरणाऱ्यास एकच प्रश्न पडतो. लाकूड पाण्याने कुजू नये, तडकू नये, त्यास वास लागू नये, यासाठी त्यावर काय लावावे? बहुधा याचे उत्तर चकाकी पाहून दिले जाते. पाट, पाळणा, कपाट यांस जे शोभते तेच फळीसही शोभेल, असे गृहीत धरून तीवर व्हार्निशचे दोन हात दिले जातात. फळी दुकानात उठून दिसते. परंतु दोन-तीन महिन्यांतच तिचा पृष्ठभाग ओरखड्यांनी भरतो, व्हार्निशचे कपचे सुटू लागतात, आणि ते चिरलेल्या कांद्याबरोबर कढईत जातात. म्हणून या विषयाचा थोडा मुळापासून विचार करणे अगत्याचे आहे.

लाकूड आणि पाणी

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची एक घट्ट बांधलेली जुडीच होय. झाड उभे असताना या नळ्यांतून पाणी मुळाकडून शेंड्याकडे जाते. झाड तोडले, फळी झाली, तरी नळ्यांचा हा स्वभाव जात नाही. फळीची जी दोन टोके आडवी कापलेली असतात, तेथे या नळ्यांची तोंडे उघडी असतात. त्यामुळे तेथून पाणी सपाट अंगापेक्षा कितीतरी पटींनी अधिक वेगाने आत शिरते. फळी बहुधा टोकाकडून तडकते याचे कारण हेच.

लाकडाच्या कोरड्या वजनाच्या सुमारे २८ ते ३० टक्के पाणी त्याच्या तंतूंत सामावेपर्यंत लाकूड फुगत राहते व ते पाणी जाऊ लागले की आकसते. हे फुगणे-आकसणे लांबीत जवळजवळ जाणवत नाही. रुंदीत मात्र चांगलेच जाणवते. एक बाजू ओली व दुसरी कोरडी राहिली, तर फळीस बाक येतो. ती पुनःपुन्हा भिजून वाळली, तर तडे जातात आणि त्या तड्यांत मासळीचे व भाजीचे पाणी साचते. आपल्या राज्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांत पडतो. या दिवसांत कपडे जसे वाळत नाहीत, तशी फळीही वाळत नाही, आणि तीवर पांढुरकी बुरशी धरते.

यावरून लेपाचे प्रयोजन स्पष्ट होते. पाण्याचे आत शिरणे मंद करणे व लाकडाचे फुगणे-आकसणे बेताचे ठेवणे, एवढे त्याचे काम आहे. लेप जंतू मारतो असा समज असल्यास तो सोडून द्यावा. स्वच्छता ही धुण्याने व वाळवण्याने होते. लाकूड हे अस्वच्छच असते, हाही समज तितकाच निराधार आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लायव्हर व त्यांच्या सहकारी नेसे आक यांनी लाकडी व प्लॅस्टिकच्या फळ्यांवर जंतू सोडून तुलनात्मक प्रयोग केले; त्यांचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. स्वच्छ लाकडावर सोडलेले जंतू लाकडात शोषले गेले व थोड्या मिनिटांनंतर ते पृष्ठभागावरून परत मिळवता आले नाहीत. उलट, सुरीच्या ओरखड्यांनी भरलेली प्लॅस्टिकची फळी हाताने धुऊन स्वच्छ करणे कठीण गेले. मात्र लाकडावर चरबीचा थर असता जंतू अधिक काळ टिकून राहिले, हेही ध्यानात ठेवावे. लाकडी फळी निर्धास्तपणे वापरता येते. पण ती स्वच्छ व कोरडी ठेवण्याची जबाबदारी वापरणाऱ्याची आहे.

पापुद्रा धरणारे लेप

लाकडावर देण्याच्या लेपांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात: वर पापुद्रा धरणारे आणि आत मुरणारे.

व्हार्निश, मेलामाइन, पॉलियुरेथेन, लॅकर हे पहिल्या वर्गातील होत. ते लाकडावर काचेसारखे कवच चढवतात. हे कवच अखंड असेतो पाण्यास चांगलाच अटकाव होतो. जेवणाच्या टेबलास किंवा देवघरास ते योग्यच आहेत. चिरण्याच्या फळीवर मात्र रोज सुरी चालते आणि हे कवच पहिल्याच आठवड्यात ठिकठिकाणी छेदले जाते. मग पाणी छेदातून आत शिरते, पण वरच्या पापुद्र्यामुळे त्यास बाहेर पडण्यास वाट राहत नाही. लाकूड खालून काळे पडते आणि पापुद्रा फुगून सुटतो. शिवाय अशी फळी घरच्या घरी दुरुस्त करता येत नाही; सारा लेप खरवडून, घासून नव्याने द्यावा लागतो.

लाखेचे स्थान थोडे वेगळे आहे. लाख ही कीटकापासून मिळणारी नैसर्गिक राळ आहे आणि औषधी गोळ्या व मिठाई यांवरही तिचे शुद्ध केलेले आवरण दिले जाते. आपल्याकडे कुंकळ्ळीच्या चितारी कारागिरांनी आणि शेजारच्या सावंतवाडीच्या कारागिरांनी लाखेच्या कामात पिढ्यान्‌पिढ्या नाव कमावले आहे. लग्नातील रंगीत पाट, पाळणे, लाकडी फळे ही कामे लाखेनेच खुलतात. तथापि लाख उष्णतेने मऊ होते, साबण-सोड्यासारख्या क्षारांत विरघळते आणि पाणी साचल्यास पांढरी पडते. म्हणून लाकडी तबक, फळीची मूठ किंवा शोभेचा पाट यांस लाख द्यावी; ज्या अंगावर सुरी चालते त्या अंगास ती देऊ नये. हा लाखेचा कमीपणा नव्हे. ज्या कामास जी वस्तू योग्य तेथे ती वापरावी, एवढाच याचा अर्थ.

आत मुरणारे लेप

दुसऱ्या वर्गात तेले व मेणे येतात. ती नळ्यांच्या तोंडांत शिरून बसतात. वर कवच नसल्याने सुटण्यासारखे काही राहत नाही. ती हळूहळू धुपतात हा त्यांचा दोष. पण कोणासही, कोणत्याही सायंकाळी, एका फडक्याने ती पुन्हा देता येतात, हा त्यांचा मोठा गुण. फळीचा लेप झिजणारच आहे. तेव्हा जो लेप घरातील माणसाच्या हाताने पुन्हा देता येतो, तोच फळीस योग्य, हे या लेखाचे मुख्य सांगणे आहे.

तेलांमध्येही भेद आहेत. काही तेले हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होतात; त्यांना सुकणारी तेले म्हणतात. काही कधीच सुकत नाहीत. काही अर्धवट सुकून चिकट होतात व खवट वास देतात. हा गुण मोजण्यासाठी शास्त्रज्ञ ‘आयोडीन अंक’ वापरतात. १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषते, तो हा अंक. खोबरेल तेलाचा अंक सुमारे ६ ते ११, शेंगदाणा तेलाचा १०० च्या आगेमागे, तिळाच्या तेलाचा त्याहून थोडा अधिक, परंपरागत करडई तेलाचा सुमारे १४०, तर जवसाच्या तेलाचा १७० च्या वर असतो. अंक जितका मोठा तितके तेल अधिक सुकणारे, असे सामान्यतः समजावे.

व्हार्निशला आपण ‘रोगण’ म्हणतो, तो शब्द मूळ फारसी असून त्याचा अर्थ तेल असाच आहे. तेल तापवून घट्ट करण्याची विद्या आपल्या देशात जुनी आहे. कच्छमधील निरोणा गावची रोगणकला एरंडेल तेल उकळून केलेल्या अशाच घट्ट द्रव्यावर चालते.

आता फळीच्या दृष्टीने एकेकाचा विचार करू.

*औषधी खनिज तेल.* औषधांच्या दुकानात ‘लिक्विड पॅराफिन आय. पी.’ या नावाने मिळणारे हे रंगहीन, गंधहीन तेल फळीसाठी सर्वांत निर्धोक होय. ते सडत नाही, खवट होत नाही, त्यास वास येत नाही. ते सुकत नसल्याने धुण्याबरोबर हळूहळू निघून जाते. म्हणून वरचेवर द्यावे लागते. घेताना साधे तेलच मागावे. त्याच द्रव्याची रंग, स्वाद किंवा इतर औषध मिसळलेली रेचके मिळतात. ती घेऊ नयेत. बाळांच्या अंगास लावण्याची सुगंधी तेलेही टाळावीत.

*खोबरेल तेल.* आपल्या घरात हे नेहमी हाताशी असते. आयोडीन अंक अत्यल्प असल्याने हवेने ते सहसा खवट होत नाही. परंतु दमट हवेत बुरशीच्या योगाने त्याचे विघटन होऊन वास सुटू शकतो. पावसाळ्यात हा अनुभव येतो. म्हणून खोबरेल वापरणाऱ्याने ते स्वच्छ, गाळलेले व पाण्याचा अंश नसलेले घ्यावे, अगदी पातळ हात द्यावा आणि उरलेले तेल काळजीपूर्वक पुसून काढावे. हे तेल सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली थिजते; थंडीच्या दिवसांत किंचित कोमट करून लावावे.

*शेंगदाणा, तीळ, सूर्यफूल इत्यादी स्वयंपाकाची तेले.* ही सोयीची वाटतात, पण पुरती सुकतही नाहीत आणि निर्मळही राहत नाहीत. काही दिवसांनी पृष्ठभाग चिकट होतो व धूळ धरतो. शेंगदाण्याची बाधा होणाऱ्या व्यक्ती घरात असतील, तर घाण्याचे शेंगदाणा तेल फळीस मुळीच लावू नये.

*जवसाचे तेल.* खाण्याचे, शुद्ध जवसाचे तेल पातळ हाताने दिले, तर ते लाकडात घट्ट होऊन टिकाऊ लेप देते. पण त्यास वेळ लागतो. कोरड्या हवेत दोन हातांमध्ये काही दिवस जावे लागतात आणि पूर्ण सुकण्यास काही आठवडे लागतात. पावसाळ्यात तर ते काम आरंभूच नये. याची एक धोक्याची बाजूही आहे. हे तेल सुकताना उष्णता निर्माण होते. तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली, तर ती आपोआप पेट घेऊ शकतात. सुतारशाळेत भुशाच्या ढिगाजवळ असे घडले तर अनर्थ होईल. वापरलेली फडकी उघड्यावर पसरून पूर्ण वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत. करडईच्या तेलाचा स्वभावही याच दिशेचा, परंतु सौम्य आहे. त्याच्या फडक्यांबाबत हीच दक्षता घ्यावी.

*मधमाशीचे मेण.* हे सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते. एकटे मेण लाकडात खोल शिरत नाही. तेलात मिसळून दिल्यास ते नळ्यांची तोंडे चांगली बंद करते व हातास सुखद असा मंद तजेला देते. वजनाने एक भाग मेण व चार भाग खनिज तेल हे प्रमाण सोयीचे आहे.

सर्वथा वर्ज्य

काही द्रव्ये लाकूड उत्तम राखतात, पण अन्नाशी त्यांचा स्पर्श होता कामा नये.

काजूच्या बीच्या टरफलातून निघणारे काळसर तेल गोव्यात सर्वांच्या परिचयाचे आहे. होड्यांना व घराच्या लाकडांना वाळवी-किडीपासून जपण्यासाठी ते लावतात. त्यातील अॅनाकार्डिक आम्ल व कार्डॉल यांनी कातडीस फोड येतात, हे काजू कारखान्यांत काम करणाऱ्या भगिनींना सांगावे लागत नाही. बिब्बा याच कुळातला. आडोळीस, पाटास वा फळीस हे तेल कदापि लावू नये.

रंगाच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड’ म्हणून मिळणारे जवसाचे तेल निराळे. ते लवकर सुकावे म्हणून त्यात धातूंची संयुगे मिसळलेली असतात. ते दारे-खिडक्यांसाठी आहे. यंत्राचे जुने तेल, डांबर, ग्रीस यांविषयी तर बोलावयासच नको.

लाकूड निवडतानाही ही सावधगिरी हवी. १९३३ साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम यांनी तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या संयुगांचे लाकूडरक्षक मिश्रण शोधून काढले. ते पुढे जगभर वापरले गेले आणि खांब, कुंपणे यांचे आयुष्य त्याने कितीतरी वाढवले. परंतु अशा लाकडाचा उरलेला तुकडा, रेल्वेचे जुने स्लीपर, किंवा कोणत्या औषधाने भिजवले हे ठाऊक नसलेली खोक्यांची फळी यांपासून चिरण्याची फळी कधीही करू नये. वरून कोणताही लेप दिला, तरी आतील विष त्याने बांधले जात नाही.

लेप देण्याची रीत

१. फळी पूर्ण कोरडी असावी. प्रथम १२० क्रमांकाच्या व नंतर २२० क्रमांकाच्या काचकागदाने तंतूंच्या दिशेने घासावी.

२. ओल्या फडक्याने सर्व बाजूंनी एकदा पुसावी. लाकडाचे रोम उभे राहतील. फळी सावलीत पूर्ण वाळल्यावर २२० क्रमांकाच्या कागदाने हलकेच घासून ते काढावेत. असे केल्याने पुढे धुतल्यावर फळी खरखरीत होत नाही.

३. पाण्याने भरलेल्या पातेल्यात तेलाचे भांडे ठेवून तेल कोमट करावे. तेल किंवा मेण थेट विस्तवावर ठेवू नये.

४. स्वच्छ सुती फडक्याने दोन्ही अंगांस व चारही कडांस भरपूर तेल लावावे. दोन्ही टोकांस, जेथे तंतू कापलेले आहेत, तेथे लाकूड पिणे थांबेपर्यंत लावीत राहावे. एकाच अंगास तेल दिल्यास फळीस बाक येतो, हे विसरू नये.

५. रात्रभर फळी उभी ठेवून सकाळी वरचे तेल पुसून काढावे. चार-पाच दिवस रोज असा एक हात द्यावा.

६. शेवटी तेल व मेणाचे मिश्रण पातळ चोळून काही तासांनी कोरड्या फडक्याने घासावे. फळी वापरण्यास तयार झाली.

जिच्यावर आधीच व्हार्निश आहे व ते सुटू लागले आहे, अशी फळी टाकून देण्याचे कारण नाही. रंध्याने वा खरवडून सर्व पापुद्रा काढावा, काचकागदाने स्वच्छ लाकूड लागेपर्यंत घासावे आणि वरील रीतीने तेल द्यावे. खोल तडे गेले असतील तर मात्र तिला निरोप द्यावा. तड्यांत लांबी भरून ती पुन्हा अन्नासाठी वापरू नये.

पुढील निगा

पहिला महिना आठवड्यातून एकदा व नंतर महिन्यातून एकदा तेल द्यावे. नेमकी वेळ ओळखण्याची युक्ती सोपी आहे. कोरड्या फळीवर पाण्याचे चार थेंब टाकावेत. ते मोत्यासारखे उभे राहिले, तर लेप शाबूत आहे. पसरून लाकूड काळसर झाले, तर त्याच सायंकाळी तेल द्यावे.

वापरानंतर फळी लगेच साबणाने व गरम पाण्याने दोन्ही बाजूंनी धुवावी, पुसावी आणि कडेवर उभी ठेवावी, म्हणजे वारा दोन्ही अंगांस लागेल. ती मोरीत भिजत टाकू नये. मासळीची व भाजीची फळी वेगळी असावी. मासळीचा किंवा लसणीचा वास खडे मीठ व लिंबाची फोड घासल्याने कमी होतो. हळदीचा डाग सकाळच्या कोवळ्या उन्हात फिका पडतो, कारण हळदीतील रंगद्रव्य प्रकाशाने विरते. दुपारच्या कडक उन्हात मात्र फळी तडकते. बाभूळ, खैर यांसारख्या तुरट द्रव्य असलेल्या लाकडावर ओली लोखंडी सुरी ठेवल्यास काळा डाग पडतो. तो बुरशीचा नव्हे, लोखंड व तुरट द्रव्य यांच्या संयोगाचा असतो.

पावसाळा सुरू होण्यापूर्वी, मे महिन्याच्या अखेरीस, सर्व लाकडी उपकरणांना तेलाचा एक हात देण्याची प्रथा घरोघरी पडावी. लोणची-पापडांची बेगमी करताना पोळपाट, लाटणे, रवी, लाकडी डाव यांसाठीही अर्धा तास काढला, तर जून-जुलैची बुरशी बऱ्याच अंशी टळेल.

कारागिरांस दोन शब्द

फळी विकणाऱ्या कारागीर बंधूंनी एवढे अवश्य करावे. चकाकीचा मोह टाळून फळी तेल-मेण देऊनच विकावी आणि प्रत्येक फळीसोबत एक लहान चिठ्ठी द्यावी. लाकूड कोणते, लेप कोणता, तेल केव्हा व कसे द्यावे, ही माहिती चार ओळींत मावते. छोट्या डबीत तेल-मेणाचे मिश्रण भरून तेही विकता येईल. त्याने ग्राहकाची सोय होईल व कारागिरास थोडी जोड मिळेल. व्हार्निशची फळी तीन महिन्यांत विद्रूप झाली, तर ग्राहक दोष लाकडाला देतो आणि पुढच्या वेळी प्लॅस्टिकची फळी घेतो. हे नुकसान एका विक्रीपुरते राहत नाही. ते साऱ्या व्यवसायाला भोगावे लागते.

सारांश, सुरी जेथे चालणार तेथे कवच टिकणार नाही. तेथे तेल द्यावे, मेण द्यावे आणि ते पुनःपुन्हा द्यावे. आडोळीवर बसणाऱ्या आपल्या आजीच्या हाताचे खोबरेल पिऊन तिची लाकडी उपकरणे वर्षानुवर्षे गुळगुळीत राहत. त्यांच्या दीर्घायुष्याचे श्रेय लेपाइतकेच रोजच्या निगेला होते. नव्या स्वयंपाकघरातील फळीसही तोच नियम लागू आहे.